निळी आणि काळी

अंघोळीआधी वायरमन दाढी करत होता. तेवढ्यात बायकोनं त्याच्या कालच्या शर्टाच्या खिशातून एक घडी घातलेला कागद काढला.

"हा हवाय, की जाऊ दे पाण्यात?"

"बघू." त्यानं चष्मा चढवला. नव्या केबलबरोबर आलेला कागद होता. तपकिरी, काळी, करडी : फेज. निळी : न्यूट्रल.

त्यानं पुन्हा वाचलं. जुन्या केबलींमध्ये निळी वायर तिसऱ्या फेजची आणि काळी न्यूट्रलची. तीस वर्षं हाताला तेच वळण. काल प्रसूतिगृहाच्या नव्या पॅनेलमध्येही हात आपसूक तसेच चालले होते. खरं तर रंगावर तो कधी विसंबत नसे. खाली मेनपाशी मेव्हणा, वर पॅनेलपाशी आपण, आणि एकेक वायर बझर वाजवून ओळखायची, हा दोघांचा शिरस्ता. पण काल बझरचा सेल उतरला, दुकान बंद झालेलं, आणि "रंग दिसतायत की ढळढळीत!" असं वायरमन स्वतःच म्हणाला होता.

खाली मेव्हण्यानं नव्या रंगांप्रमाणे जोडलं असेल, तर वर न्यूट्रलच्या जागी फेज येणार. दोनशे तीस व्होल्टच्या यंत्रांना चारशेचा दणका. आणि त्या पॅनेलवर लागणार होत्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांना ऊब देणाऱ्या पेट्या.

अकराला सप्लाय सोडणार होते. साडेदहा वाजून गेले होते. मेव्हण्याचा फोन नुसता वाजत राहिला, प्रसूतिगृहाचा लागेना.

"अहो, अंघोळ?"

"राहू दे!"

सायकल प्रसूतिगृहाच्या भिंतीला टाकून, अवजारांची पिशवी घेऊन तो आत शिरला, तर व्हरांड्यातले दिवे लागलेले.

"या," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "आज लवकरच सोडली वीज. आता पहिली पेटी लावतेच आहे."

"नका! प्लगला हात लावू नका!"

सिस्टर जागच्या जागी थबकल्या. त्यानं मीटरच्या सुया सॉकेटमध्ये घातल्या. दोनशे तीस. दुसऱ्यात दोनशे तीस. सगळ्या खोल्या पालथ्या घातल्या, आकडा हलायला तयार नाही. मग पॅनेलचं झाकण काढून लांबूनच पाहिलं. निळी फेजवरच होती, काळी न्यूट्रलवर. चुकलंय तर चाललंय कसं?

मेव्हणा हात पुसत जिना चढून वर आला. "दाजी, तुम्ही? आणि हे काय, दाढी अर्धीच?"

"निळी कुठं जोडलीस?"

"कुठं म्हणजे? तिसऱ्या फेजला. काळी न्यूट्रलला. तुम्हीच शिकवलंत."

वायरमननं तिथलं स्टूल ओढलं आणि त्यावर बसकण मारली. त्याचा जीव भांड्यात पडला. दोन्ही टोकांना एकच चूक, म्हणून वीज बिचारी जिथं जायची तिथंच गेली होती.

"अरे गाढवा, कागद वाचायला काय झालं होतं?"

"कागद तुमच्या खिशात होता, दाजी."

सिस्टरना हसू आवरेना. "मग लावू पेटी?"

त्याला हो म्हणून टाकावंसं वाटलं. कुणाला काही कळलं नसतं. पण उद्या कुणीतरी दुसरा हे झाकण उघडेल, निळी बघून न्यूट्रल समजेल आणि हात घालेल.

"अर्धा तास द्या, सिस्टर. चूक आमची आहे. चालतंय, पण चुकीचं चालतंय."

"हे असं कबूल करणारा कारागीर पहिल्यांदाच पाहतेय," म्हणून त्या चहा सांगायला गेल्या.

खालचा मेन बंद करून मेव्हण्यानं त्याला कुलूप घातलं आणि कोपऱ्यावरून नवा सेल आणला. वर कुठली वायर जिवंत नाही ना, हे वायरमननं मीटर लावून पाहिलं. मग दोघांनी केबलची दोन्ही टोकं सोडवली.

"निळी!" त्यानं जिन्यातून हाक दिली. बझर वाजला.

"काळी! वाजतोय का?"

"वाजतोय हो! ओरडू नका, बाळं झोपलीत!"

एकेक वायर पटवून, नव्या रंगांप्रमाणे जोडून, टोकाची धातूची लग घट्ट आवळून, ओढून पाहून त्यानं झाकण लावलं. वीज आली. मीटर पुन्हा दोनशे तीस म्हणाला, आणि या वेळी त्यानं आकडा निवांत पाहिला. सिस्टरनी प्लग खोचला. पेटीतला दिवा हळूहळू तांबूस झाला. काचेवर तळवा ठेवून तो तसाच उभा राहिला. आतून ऊब येत होती.