केवळाबाईची काकणं

ताडकळसच्या बाजारात बन्सीधर कासारानं केवळाबाईचा पंजा दाबून पाहिला आणि हातातली काकणं परत ठेवली.

"मावशी, सुनंचं माप वाढलंय. मागची काकणं चढायची न्हाईत."

सातव्या महिन्याचा हिरवा चुडा भरायचा होता. सासू कासाबाईच्या कपाळाला आठी पडली.

"हाताला सूज हाय," बन्सीधर म्हणाला. "बोट दाबलं तर खड्डा राहायलाय. दवाखान्यात दावा."

"तू काकणं भर रं. बाळंतपणं बी आता कासारच करायलेत का?"

बाया हसल्या. बन्सीधरनं मोठी काकणं तेल लावून चढवली.

वाटेनं कासाबाई सुनेच्या अंगाकडं बघत चालली. मेंढीच्या पाठीवरून हात फिरवला की तिनं काय खाल्लं ते कासाबाईला कळायचं. सुनेला ती अर्धीच भाकर देत होती, तरी अंग भरलं. म्हणजे चोरून खाणं चाललं होतं.

तिची थोरली लेक भिवरा बाळंतपणाला माहेरी आली, तेव्हा कासाबाईनं दूध-लोणी हात न आखडता घातलं होतं. लेकरू पोटात वाढलं, अडलं, आणि दोघंही गेली. "लय पोसलंस," सुईण म्हणाली. पुढं निजामाचं राज्य गेलं, पण ते बोलणं कासाबाईच्या मनातून गेलं नाही. केवळाबाईचं पहिलं लेकरू मेलेलंच जन्मलं, तेव्हा हाताला आणखी आवर घालायला हवा होता, असंच तिला वाटलं.

त्या दिवसापासून भाकरीची दुरडी ती उशाशी घेऊन निजू लागली.

"आत्याबाई, डोकं लय दुखायलंय," एका सकाळी केवळाबाई म्हणाली. "डोळ्यांम्होरं काजवे चमकायलेत."

"चोरून खाल्लेलं डोक्यात चढायलंय."

"बिरोबाची आण, तुमी दिल्याबिगर घास न्हाई खाल्ला."

"मग अंग काय वाऱ्यानं भरलं?"

केवळाबाईचा नवरा बिरू मेंढरं घेऊन निघाला होता. तो दारात थांबला. "माय, गाभण मेंढीला आपुन मूठभर सरकी जास्तीच घालतो की."

"मेंढी अडून मेली तर दुसरी आणशील. केवळी कुठून आणशील?"

बिरूनं काठी उचलली. तो मेंढरांमागं गेला.

आठव्या महिन्यात चुलीपुढंच केवळाबाईची दातखिळी बसली. हातपाय ताठले, अंगाला झटके आले. कुणी लिंबू उतरवलं, कुणी देव्हाऱ्यातला भंडारा लावला. दिवस मावळायच्या आत ती बाळंत झाली. अडली नाही. लेकरू कोकराएवढंही नव्हतं, आणि त्यानं श्वास घेतला नाही.

केवळाबाई जगली.

पुढच्या आठवड्यात सूज उतरत गेली. एके दुपारी कासाबाई तिचं अंग पुसत होती. हात खाली सोडला तशी हिरवी काकणं मनगटावरून घरंगळली आणि जमिनीवर पडली. कासाबाईनं तो हात उचलला. दंड तिच्या मुठीत मावला. तिनं बोटानं दाबून पाहिलं. खड्डा पडला नाही. कातड्याखाली सरळ हाड लागलं.

तिनं तो हात हळूच खाली ठेवला. मग उठून दुरडी आणली, सुनेपुढं ठेवली आणि वरचं फडकं काढलं.

केवळाबाईनं भाकरीकडं पाहिलं, मग सासूकडं.

"आत्याबाई," तिनं विचारलं, "किती खाऊ?"