मोजलाय, पंधरा आहे

हादोंगवाल्या आजी माझ्या कागदावर मंजुरीचा शिक्का द्यायला तयार नव्हत्या. गावातल्या म्हाताऱ्या दिवसभर जमतात त्या वृद्धघराच्या त्या प्रमुख, आणि त्यांच्या शिक्क्याशिवाय तिथले माझे चारही दिवे उतरवून परत न्यावे लागणार होते. तक्रार एका ओळीची: दिवे डोळ्यांवर येतात.

मला भयंकर राग आला. खोलीत दिवे कसे लावायचे हे माझं पोटापाण्याचं काम, आणि उजेडाने डोळे दिपू नयेत ही तर माझी खास विद्या. दिवा किती प्रखर, केवढा, नजरेच्या रेषेत किती येतो आणि मागचं छत किती उजळ, यावरून दिपण्याचा चक्क आकडा निघतो. एकोणीसच्या आत असला की माणूस सुखाने वाचतो, बाविसाच्या पुढे गेला की कपाळावर आठ्या पडतात. इथला आकडा सोळा होता. मी स्वतः मोजला होता.

पुन्हा मोजून आजींचं तोंड बंद करायला मी उजेड मोजायचा कॅमेरा आणि लॅपटॉप घेऊन दुपारी पोचले. जेवणं आटोपली होती. खालून तापवलेल्या गरम जमिनीवर घोंगडी अंथरून हादोंगवाल्या आणि मोक्पोवाल्या आजी फुलांच्या चित्रांचे पत्ते खेळत होत्या. नातवंडांची लग्नं झाली तरी आमच्याकडे बाई माहेरच्या गावानेच ओळखली जाते. हरणारीने सगळ्या बारा जणींची भांडी घासायची, हा तिथला कायदा.

"वीस वर्षं मी त्या मोरीत हात घातला नव्हता," हादोंगवाल्या म्हणाल्या. "तुझे दिवे आले त्या दिवसापासून रोज घासतेय."

"तिचं नशीब फिरलं, त्याला बिचारा दिवा काय करणार?" मोक्पोवाल्या मान वर करून म्हणाल्या. खेळताना त्यांची मान सारखी वर जायची.

"वर कुणाला बघतेस गं सारखी?"

"सासूबाईंना. आशीर्वाद मागते."

"जिवंतपणी एक शब्द ऐकला नाहीस त्यांचा!"

मी तिपाईवर कॅमेरा लावला. आकडा आला सोळा. लॅपटॉप आजींच्या नाकासमोर धरला.

"हे तुझं यंत्र खुर्चीवर बसलंय, पोरी," त्या म्हणाल्या. "इथे खुर्ची दिसते का तुला कुठे?"

तिपाई खरोखर एकशेवीस सेंटीमीटरवर होती, कारण नियमातला माणूस खुर्चीत बसतो. आणि मी स्वतः घरी जमिनीवर बसून जेवते! लाज वाटली. तिपाई खाली केली, हादोंगवाल्यांच्या खांद्याशी डोळ्यांच्या उंचीवर आणून पुन्हा मोजलं. पंधरा. उलट कमीच! आजींचा चेहरा पडला आणि मला, खोटं कशाला बोलू, आनंद झाला.

"आता मोक्पोवाल्या आजी, जरा उठता? तुमच्या जागेवरूनही घेते."

"माझे गुडघे धरलेत गं."

"परवा डोंगर चढून भाजी खुडून आणलीस ती कुणाच्या गुडघ्यांनी? सरक!" हादोंगवाल्या ओरडल्या.

त्या नाइलाजाने सरकल्या. मी फोटो घेतला. आमच्या फोटोत प्रखर ते लाल दिसतं, मंद ते निळं. पण इथे छताखेरीज भिंतीवरही एक लाल डाग होता. हादोंगवाल्यांच्या मागे, वृद्धघराच्या उद्घाटनाला कुणीतरी भेट दिलेला भला मोठा आरसा उंचावर, पुढे झुकवून टांगला होता. त्यात माझा दिवा चमकत होता. आणि दिव्याच्या खाली, त्यांच्या खांद्यावरून, त्यांच्या हातातले पत्ते. साधा फोटो उघडून मोठा केला. पौर्णिमेचा चंद्र आणि दोन शेवंत्या, पाकळ्या मोजून घ्याव्यात इतक्या स्पष्ट.

जुनी ट्यूब खोलीच्या मधोमध होती, म्हणून पत्त्यांची तोंडं अंधारात राहायची. मी हौसेने नवे दिवे भिंतींजवळ, म्हणजे खेळणारीच्या पाठीमागे लावले होते; उजेड थेट तिच्या पत्त्यांवर.

मी मोक्पोवाल्यांकडे पाहिलं. त्यांनी शेजारच्या ताटलीतलं एक उकडलेलं रताळं सोललं आणि माझ्या हातात ठेवलं. "खा, पोरी. गरम आहे."

खरं बोलावं तर भांडण, गप्प बसावं तर शिक्का गेला. मी लाच खात नाही, पण रताळं फार गोड होतं.

"आजी," मी तोंडातला घास गिळत म्हटलं, "चमक त्या आरशातून येते. आरसा काढला की झालं."

हादोंगवाल्यांनी चष्मा लावला आणि लॅपटॉपपाशी वाकल्या. मला झाकण मिटायचं सुचलं तेव्हा उशीर झाला होता. त्यांनी फोटो पाहिला, हातातले पत्ते पाहिले, पुन्हा फोटो पाहिला. आता घोंगडीच उधळतात म्हणून मी मागे सरकले.

त्यांनी कमरेच्या बटव्यातून शिक्का काढला, त्यावर हाऽ करून वाफ सोडली आणि माझ्या कागदावर दाबला.

"दिवे झकास आहेत. आरशाला हात लावायचा नाही. भेट आलेली वस्तू आहे." मग आपली बसायची उशी उचलून त्या घोंगडीच्या पलीकडे गेल्या. "ऊठ गं."

"ही माझी जागा आहे!"

"तुझे गुडघे धरलेत ना? तिकडे भिंतीला टेकायला मिळेल."

पत्ते वाटले गेले. मी मुद्दाम एकेक वायर सावकाश गुंडाळत बसले. हादोंगवाल्यांनी मान वर केली, म्हणाल्या, "सासूबाई, आता माझ्याकडेही बघा," आणि सलग तीन डाव मारले.

मोक्पोवाल्या डोळे चोळत माझ्याकडे वळल्या. "पोरी, हे दिवे फार डोळ्यांवर येतात गं. इथून जरा मोजून बघ."

मी उत्तर द्यायच्या आत हादोंगवाल्या पत्ते पिसत म्हणाल्या, "मोजलाय, पंधरा आहे. मोरी तिकडे."