गुरुवारचा थर्मास

मी एक जुना थर्मास आहे. माझं झाकण हरवल्याचं कळलं ते इरिदे वारल्यानंतर पंधराव्या दिवशी. तिचा नवरा नेवियो मला घासत होता. इरिदे दर गुरुवारी मला घेऊन बहिणीकडे जायची, म्हणून त्यानं बहिणीला फोन केला.

"माझ्याकडे?" बहीण म्हणाली. "दोन वर्षांत एकाही गुरुवारी ती इकडे फिरकली नाही."

नेवियोनं इरिदेच्या कोटाचे खिसे उलटे केले. बसची तिकिटं निघाली. सगळी रिमिनीहून सान मारिनोची.

मित्रांनो, मी त्यांना लग्नात मिळालो. नेवियो समुद्रावर जीवरक्षक होता. तीस वर्षं मी त्याची कॉफी गरम ठेवली. मग स्टीलचा थर्मास आला आणि मी कपाटावर गेलो. दोन वर्षांपूर्वी इरिदेनं मला खाली काढलं. कशासाठी, ते मला ठाऊक होतं. पण मला कोण विचारणार? नेवियो मुळात संशयी. एका लग्नात ती दुसऱ्याबरोबर नाचली, तर हा पंधरा दिवस तिच्याशी बोलला नव्हता.

गुरुवारी त्यानं मला काखोटीला मारलं आणि स्टेशनसमोरून बस पकडली.

"काय आजोबा, आज थर्मास तुमच्याकडे?" ड्रायव्हर म्हणाला. "आजी वर बोर्गोच्या स्टॉपला उतरतात. आमचा डेलिओ बूटवाला सकाळपासून दारात बसतो, नवरी यायची असल्यासारखा."

नेवियोनं मला इतकं आवळलं, की आतली काच तडकेल असं वाटलं. बस डोंगर चढत होती. तो वाटेतल्या प्रत्येक म्हाताऱ्याकडे डोळे बारीक करून बघत होता.

डेलिओच्या दुकानात टेबलावर माझं झाकण होतं. डेलिओचे दोन्ही पाय निकामी झालेले.

"इरिदेचा थर्मास! म्हणजे तुम्ही नेवियो. या, संशयीराव."

"माझ्या बायकोचा तू कोण?"

"दूधभाऊ. युद्धात रिमिनीवर बॉम्ब पडायचे, तेव्हा तुमच्याकडची माणसं पळून इथं वर सान मारिनोत आली, आमच्या रेल्वेच्या बोगद्यात राहिली. तिच्या आईला दूध नव्हतं. माझ्या आईनं आम्हा दोघांना पाजलं. पाय गेल्यापासून ही मला सूप आणते. म्हटलं, नवऱ्याला सांग. म्हणाली, तुझं नाव ऐकलं तरी तो जेवायचा नाही."

नेवियो स्टुलावर बसला.

"चार गुरुवार झाले. बरी आहे ना ती?"

"गुडघा," नेवियो म्हणाला. "चढवत नाही तिला."

मित्रांनो, मनात शंका आली तर माणूस समोर आहे तोवर विचारून घ्या. आम्हा वस्तूंना तोंड असतं, पण बोलता येत नाही.

आता नेवियो स्वतः सूप करतो आणि दर गुरुवारी मला वर नेतो.

"मीठ कमी पडतंय," परवा डेलिओ म्हणाला. "सांगा तिला."

"सांगतो," नेवियो म्हणाला.

ती गेल्याचं डेलिओला सांगायचं अजून राहिलं आहे.