दोन हजारावं माणूस

"दोन हजार! अगं बाई, बरोब्बर दोन हजार!"

प्रतिमा खुर्चीतून उठून अशी ओरडली, की शेजारच्या खोलीत गाड्यांची नोंदणी करणारा माणूसही दारात येऊन उभा राहिला. अमेरिकेत सव्वीस वर्षं काढली, तरी आनंद झाला की बाई मराठीतूनच ओरडायची. तिच्या साहेबीणबाईंना, डोरीनला, शब्द कळले नाहीत. पण स्क्रीनवरचा आकडा कळला. तिने टाळी दिली आणि केक मागवायला फोन उचलला.

आता दोन हजारांत नाचण्यासारखं काय, ते ऐका. वॉशिंग्टन राज्याच्या पूर्व टोकाला, गव्हाच्या टेकड्यांमध्ये ही लार्क काउंटी. काउंटी म्हणजे आपला तालुकाच समजा, फक्त माणसं नसलेला. इथल्या कचेरीत प्रतिमा दरवर्षी काउंटीचं प्रोफाइल तयार करायची. माणसं किती, सरासरी वय किती, शाळेत पोरं किती, कामावर पोचायला मिनिटं किती. एरवी ते चोपडं कुणी उघडूनही बघत नसे. यंदा मात्र सगळ्यांचा जीव त्यात अडकला होता. वस्ती दोन हजारांच्या खाली गेली, तर गावातलं क्लिनिक बंद होणार आणि आठवड्यातून एकदा डॉक्टरची व्हॅन येणार, असं वरून पत्र आलं होतं. जवळचं हॉस्पिटल सत्तर मैलांवर. आकडा पाठवायची मुदत आज, शुक्रवारी, पाच वाजेपर्यंत.

त्या क्लिनिकचं मोल प्रतिमाला कुणी सांगायला नको होतं. दोन वर्षांपूर्वी तिच्या नवऱ्याला, नंदूला, छातीत कळ आली. क्लिनिकच्या डॉक्टरने त्याचा जीव पाच-सहा तास धरून ठेवला. नंदू वाचला नाही, पण मुलगा येऊन पोचेपर्यंत होता. बाप-लेक बोलले. म्हणून तर ती जानेवारीपासून बर्फात, चिखलात, कुत्री अंगावर घेत दारोदार फिरली होती.

"तुझं घर तेवढं राहिलंय तपासायचं," डोरीन म्हणाली. मोजणाऱ्याचं स्वतःचं घर शेवटी आणि दुसऱ्याने तपासायचं, असा नियम होता. तिने प्रतिमाचा फॉर्म वाचला आणि चष्मा काढून उगाचच पुसायला लागली.

"काय झालं?"

"काही नाही. दोन माणसं. तू आणि अक्षत. पाठवू या?"

प्रतिमाने फॉर्म स्वतःकडे ओढला. फेब्रुवारीत तिने तो फॉर्म ओट्यापाशी उभ्याने भरला होता, कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता. घरात कोण कोण? आपण आणि अक्षत! त्यात विचार कसला करायचा? लेक सहा वर्षांपासून पार राज्याच्या दुसऱ्या टोकाला, बॉथेलला नोकरीला आहे, हे काय तिला माहीत नव्हतं? पण घर त्याचं इथलंच ना. खोली त्याची, कपाटातले स्वेटर त्याचे.

तिने तिथल्या तिथे फोन लावला.

"अक्षत, एक सांग. यंदा घरी किती रात्री झोपलास?"

"आई, आय ॲम इन अ मीटिंग. कुठल्या घरी?"

त्या 'कुठल्या'ने तिला काय कळायचं ते कळलं.

"आपल्या रे."

"मे बी पाच? का गं, व्हॉट हॅपन्ड?" तिने सांगितलं. तो हसला. "जस्ट लीव्ह मी ऑन इट, आई. कोण चेक करणारे?"

कुणीच नाही, खरंच कुणी नाही. पण गेल्याच महिन्यात म्हाताऱ्या वॉल्टरने फॉर्मवर स्पोकेनला राहणाऱ्या मुलीचं नाव घातलं होतं, आणि हिनेच त्याला सुनावलं होतं, 'वर्षातल्या जास्त रात्री जो जिथे झोपतो, तो तिथला.' वॉल्टरने बाहीने डोळे पुसले आणि मग मुलीचं नाव खोडलं. हिने त्याला रुमालसुद्धा दिला नव्हता.

"खोड अक्षतचं नाव," प्रतिमा म्हणाली.

"वेडी आहेस का? एका नावासाठी क्लिनिक जाईल. मी पाहिलंच नाही असं समज."

"मी पाहिलंय ना! वॉल्टरला काय तोंड दाखवू?"

नाव खोडलं. एक हजार नऊशे नव्व्याण्णव. घड्याळात तीन पस्तीस. गावाचं क्लिनिक आपण आपल्या हाताने घालवलं, असं प्रतिमाला वाटलं. आणि लेकाला आपणच घरी धरून बसलो होतो, याची तिला भयंकर लाज वाटली. घर म्हणजे आई असते तिथे, असंच आपलं डोक्यात. मग त्याच खुळापायी आपण कुणाला गाळलं तर नाही?

"अगं आई गं! प्रीता!"

डोरीन दचकली. तोवर ही कोरा फॉर्म घेऊन जिन्यावर होती.

प्रीता म्हणजे अकोल्याची पोरगी, गव्हावर पीएचडी करणारी. जानेवारीत ती इथल्या संशोधन केंद्रात आली आणि तिथल्या मॅनेजरच्या घरी वरच्या खोलीत राहायला लागली. दर रविवारी प्रतिमाकडे वरण-भात जेवायची. मोजणीच्या वेळी मॅनेजरने विचारलंही होतं, "ही मुलगी धरायची का?" आणि प्रतिमा ठसक्यात म्हणाली होती, "छे! तिचं घर अकोल्याला. ती पाहुणी."

अठरा मैलांचा रस्ता तिने असा कापला, की नंदू शेजारी असता तर देवाचं नाव घेत बसला असता. केंद्राच्या शेताच्या कडेला गाडी तशीच उघडी टाकून ती गव्हातून पळत सुटली. प्रीता ओंब्या कापून कागदी पिशव्यांत भरत होती.

"काकू! काय झालं? पळताय काय?"

"तू झोपतेस कुठे?"

"अं?"

"यंदा जास्त रात्री कुठे झोपणार आहेस तू?"

"इथेच की. डिसेंबरपर्यंत गव्हाची ट्रायल आहे माझी."

"मग कर सही! दोन हजारावी आहेस तू! क्लिनिक वाचवलंस बघ!"

"पण काकू, मी स्टुडंट व्हिसावर... मी कुठे इथली?"

"व्हिसा कोण विचारतंय? माणूस हवंय गं, माणूस!"

प्रीताला हसू फुटलं. प्रतिमाच्या पाठीवरच कागद ठेवून ती लिहायला लागली आणि मध्येच थांबली.

"काकू, माझ्या आईला नका सांगू हं. रोज विचारते, घरी कधी येतेस. तिला वाटेल, मी इथलीच झाले."

प्रतिमाने पाठ आणखी वाकवली.

"नाही सांगत," ती म्हणाली. "तिचीच आहेस तू. हा नुसता रात्रींचा हिशेब आहे गं. कर सही."

चार वाजून अठ्ठेचाळीस मिनिटांनी ती कचेरीत शिरली, तेव्हा खोलीत पंधरा-वीस माणसं जमली होती. समोरच्या क्लिनिकचा डॉक्टर आला होता, वॉल्टर आला होता. केक कापायचा थांबला होता. प्रतिमाने फॉर्म डोक्यावर धरून नाचवला आणि एकच गलका झाला. डॉक्टरने तर तिला मिठीच मारली.

डोरीनने प्रीताचं नाव चढवलं. दोन हजार. मग तिने हळूच प्रतिमाच्या कानाशी विचारलं, "अक्षतचं नाव काढल्यावर आणखी एक रकाना बदलतो. मी करू?"

"नको. माझं घर आहे, मीच करते."

प्रतिमाने खुर्ची पुढे ओढली. 'एकट्या माणसाची घरं' या ओळीत दोनशे अकरा होते. ते पुसून तिने दोनशे बारा केले, एकदा नीट वाचून पाहिले. मग पाठवायचं बटण दाबलं, आणि सगळ्यांच्या आधी टाळ्या तिनेच वाजवल्या.