औषधाचा वास गेला

सृष्टीचे नियम बदलण्याचं सामर्थ्य फक्त सिद्धपुरुषांत असतं आणि असा एक पुरुष सरावलीत अवतरला, हे मी पूर्ण जबाबदारीने नमूद करतो. त्याने दुर्गंधी नाहीशी केली. कारखान्यांची नव्हे, ती तारापूरच्या वाऱ्याबरोबर येतेच. प्रतीक्षाच्या औषधाच्या डब्यातली.

गुरुवार होता. चाळीमागच्या पटांगणात मांडव भरलेला. सुगंधानंद महाराजांनी डबा कपाळाला लावला, त्यावरून लिंबू फिरवलं आणि गरजले, "हे औषध? गर्भातला जीव नाक दाबून बसलाय, बायांनो! याचं अमृत करू?"

"करा!"

झाकण उघडलं. पुढे बसलेल्या चाळीतल्या बुधीने डब्यात नाक खुपसलं. "अगो बाय! वास नाय! पेढ्यासारखा हाय!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. सर्वांत जोरात वाजवल्या त्या भाग्येशने, म्हणजे प्रतीक्षाच्या नवऱ्याने.

प्रतीक्षाचा आजार जन्मजात आहे. प्रथिनांमधला एक घटक तिचं शरीर मोडू शकत नाही. तो रक्तात साचतो आणि मेंदूला बाधतो. तिच्या थोरल्या भावाचं निदान उशिरा झालं. तिशी उलटली तरी त्याच्या शर्टाची बटणं आई लावते. हिचं मात्र जन्मताच कळलं, म्हणून ही बी. कॉम. झाली. डाळ, दूध, मासे, अंडी, शेंगदाणे बंद. भाज्या, फळं, मोजका भात चालतो. बाकीची प्रथिनं मिळतात तो घटक वगळून बनवलेल्या पावडरीतून. त्या पावडरीचा वास भयंकर. प्रतीक्षाला आता तिसरा महिना. आईच्या रक्तात तो घटक वाढला, तर बाळाला आजार नसला तरी त्याचा मेंदू आणि हृदय पोटातच बिघडू शकतं.

हे घरात सगळ्यांना सांगून झालं होतं. सासूबाई साखरबाई नांदेडकडच्या. त्या ऐकायच्या आणि म्हणायच्या, "पालापाचोळ्यावर लेकरू वाढतंय व्हय? वरणाचा एक घास खा की माय!"

मांडवातून परतल्यावर भाग्येश बायकोच्या कानाशी म्हणाला, "चमत्कार वगैरे सोड. कंपनीने पावडर सुधारलीय, मीच नवा डबा मागवला. आईचंही समाधान."

प्रतीक्षाचा चमत्कारावर विश्वास नव्हता. नवऱ्यावर होता. ती प्यायली.

नेहमीच्या तपासणीत रक्तातलं त्या घटकाचं प्रमाण दुपटीवर गेलेलं निघालं. डॉक्टरांनी विचारलं, "काय खाल्लंत?" तिने वर्ज्य असं काहीच खाल्लं नव्हतं. बदलला होता तो फक्त डबा.

पुढच्या गुरुवारी ती ग्लास घेऊन मांडवात शिरली.

"महाराज, तुमचं अमृत."

"पी बाळा, श्रद्धेने पी!"

"पिते. जरा लिंबू पिळू?" असं म्हणत तिने त्यांच्याच ताटातली कुंकू लावलेली फोड उचलून पिळली आणि ढवळलं. पांढऱ्या गुठळ्या वर आल्या.

बुधी वाकली. "दूध फाटला गं!"

"माझं औषध लिंबाने फाटत नाही," प्रतीक्षा म्हणाली. "वास मारायला लहानपणापासून लिंबू पिळूनच पिते मी. याला वासच नव्हता, म्हणून आठवडाभर पिळलं नाही. ही दुधाची पावडर आहे."

"कलियुग!" महाराज ओरडले. "श्रद्धा फाटली, म्हणून अमृत फाटलं!"

"आणि कपाटातला डबा कुणी बदलला? तोही कलियुगाने?"

तिने भाग्येशकडे पाहिलं. तो चपला शोधत होता.

"आईची रोजची कटकट..." तो पुटपुटला. "महाराज म्हणाले, डबा तू बदल, कृपा आम्ही करू. अगं, दूधच होतं ना? विष तर नाही घातलं?"

"माझ्या दादालाही आईने दूधच पाजलं होतं," ती म्हणाली.

साखरबाईंनी पदर तोंडाला लावला. मांडवात कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

वाचकहो, दूध पवित्र आहे की नाही, यावर शरीर मत देत नाही. ते पचवतं किंवा पचवत नाही, एवढंच. तेव्हा वास गेला, गाठ गेली, साडेसाती गेली असं कोणी सांगितलं, तर हात जोडण्याआधी विचारा: डब्यात आधी काय होतं, आता काय आहे, आणि मधल्या वेळात डबा कोणाच्या हातात होता? तिसरा प्रश्न बहुधा घरातच विचारावा लागतो. म्हणून तो राहून जातो.

प्रतीक्षा सध्या पालघरला माहेरी आहे. खरी पावडर सुरू केल्यावर रक्तातलं प्रमाण उतरलं. मधल्या दिवसांत बाळाच्या हृदयाचं काय झालं, ते पाचव्या महिन्यातल्या तपासणीत दिसेल.