फाटकाच्या दोन बाजू

रविवारी दुपारी इटा कॉन्सिडाइनच्या स्वयंपाकघरात पत्त्यांचा डाव बसायचा. चर्च कुठं संपतं आणि लेबर पक्ष कुठं सुरू होतो, हे त्या टेबलाकडे बघून कुणालाही सांगता आलं नसतं. टेबलाच्या एका टोकाला तिचा नवरा लिओ, ट्रामचा कंडक्टर आणि पक्षाच्या कॉलिंगवूड या कामगारवस्तीतल्या शाखेचा चिटणीस. त्याच्या समोर तिचा धाकटा भाऊ ऑस्टिन, बुटांच्या कारखान्यात चामडं कापणारा. आणि मधे, पांढरी कॉलर काढून खिशात ठेवलेले फादर लिनहॅन.

फादर पत्त्यांत लबाडी करायचे. सगळ्यांना ठाऊक होतं, पण बोलायचा फक्त लिओ.

"फादर, तो गुलाम मघाशी पडला होता."

"मग पुनरुत्थान झालं असेल," फादर म्हणायचे, आणि ऑस्टिन हसता हसता खुर्चीवरून घसरायचा.

इटा ओव्हनमधून कोकराचं मटण काढायची, भोपळ्याच्या भाजलेल्या फोडी त्याच्या कडेनं मांडायची आणि पुदिन्याची चटणी आधी फादरांच्या ताटात वाढायची. शाखेची बैठक चर्चच्या मागच्या खोलीत भरायची. चर्चच्या लॉटरीची तिकिटं ट्राम डेपोत खपायची. रविवारच्या मासच्या प्रार्थनेवेळी दानाची थाळी फिरवायचा लिओ, आणि निवडणुकीत दारोदार फिरायचाही तोच. पक्ष आणि चर्च ही इटाला एकाच घरातली माणसं वाटायची, एक जरा जास्त प्रार्थना करणारं आणि दुसरं जरा जास्त बिअर पिणारं, एवढाच काय तो फरक.

पुढं म्हातारपणी तिला जे सगळ्यात जास्त आठवायचं ते हेच: चटणीचा वास, टेबलावर आपटलेले पत्ते, आणि तीन पुरुषांचं एकाच वेळी हसणं.

बिनसायला सुरुवात झाली ती एकोणीसशे चोपन्न साली. ऑस्टिन आठवड्यातून दोनदा कुठल्याशा सभांना जाऊ लागला. कुठं जातो ते सांगायचा नाही. युनियनमध्ये कम्युनिस्ट घुसलेत, त्यांना हुसकावायला कॅथलिक कामगारांनी एकजूट केली पाहिजे, असं काहीतरी तिथं चाले. बिशपांचा त्या कामाला आशीर्वाद आहे, एवढं मात्र तो अभिमानानं सांगायचा.

"तुझ्या युनियनचा सेक्रेटरी कम्युनिस्ट आहे की नाही, एवढं सांग," एका रविवारी त्यानं लिओला विचारलं.

"आहे की. ट्रामच्या दारात माझी बोटं चिरडली तेव्हा दोन महिन्यांची भरपगारी सुट्टी त्यानंच मिळवून दिली. पोपसाहेबांना मी लिहिलं नव्हतं, ही माझीच चूक."

"चेष्टा करू नकोस. उद्या हंगेरीसारखं इथं झालं की कळेल. कार्डिनलला तुरुंगात टाकलंय त्यांनी."

"मग हंगेरीत जाऊन लढ. इथं माझ्या शाखेतली माणसं कशाला फोडतोस?"

फादरांनी पत्ते पिसले, पुन्हा पिसले आणि वाटायचे विसरले.

हंगेरीतल्या त्या कार्डिनलसाठी, कम्युनिस्टांनी कोंडलेल्या तिथल्या सर्वांत मोठ्या धर्मगुरूसाठी, इटा रोज जपमाळ ओढायची. तिच्या लेखी तो वर्तमानपत्रातला माणूस नव्हता, आजारी चुलत्यासारखा होता. त्यामुळे ऑस्टिन म्हणतो त्यात तथ्य आहे असं तिला वाटे, आणि लिओ म्हणतो तेही पटे. दोघांच्या मधे ती चहा ओतत राहिली.

पंचावन्नच्या मार्चमध्ये पक्ष फुटला. राज्यातलं लेबर सरकार कोसळलं, मेअखेरीला निवडणूक लागली. ऑस्टिन आणि त्याच्यासारखे शेकडो बाहेर पडले आणि त्यांनी स्वतःचा कम्युनिस्टविरोधी पक्ष उभा केला. कॉलिंगवूडच्या शाखेत चोवीस माणसं होती, नऊ उरली. उरलेल्यांना बैठकीला चर्चची खोली मिळेना. किल्ली सापडत नाही, असं त्यांना सांगण्यात आलं.

मग एका रविवारी फादर लिनहॅन प्रवचनाला उभे राहिले. त्यांनी बिशपांचं पत्र वाचलं आणि घडी घालून ठेवलं. मग स्वतःचं बोलले. पक्षाचं नाव घेतलं नाही. पण ज्यांनी देवाच्या वैऱ्यांशी हातमिळवणी केली त्यांना मत देताना कॅथलिक माणसानं आपल्या आत्म्याचा विचार करावा, असं म्हणाले. पहिल्या बाकांवरची डोकी एकेक करत मागं वळली. लिओ खांबाजवळ थाळी घेऊन उभा होता. प्रवचन संपलं तसा तो नेहमीप्रमाणे बाकाबाकांतून फिरला. काहींनी थाळी पुढं आल्यावर नजर खाली घातली. इटाचा चेहरा भाजल्यासारखा लाल झाला होता.

बुधवारी फादर घरी आले. हॅट हातातच होती, बसले नाहीत.

"लिओ, थोडे दिवस थाळी दुसऱ्या कुणाकडे देऊ या."

"का? माझा हात थरथरतो?"

"लोक बोलतात."

"बोलू देत ना. तुम्ही काय म्हणता?"

फादरांनी हॅटची कड बोटांनी फिरवली. "मला वरून जे सांगितलं जातं ते मी बोलतो, लिओ."

"मग पत्ते खेळताना कुणाचं ऐकून लबाडी करत होतात?" लिओ म्हणाला. पण त्यात हसू नव्हतं. तो मागच्या अंगणात निघून गेला आणि सायकलचं चाक उगाचच काढून बसला.

फादर दारात थांबले. मग हळू आवाजात इटाला म्हणाले, "मतदानाच्या दिवशी शाळेतल्या केंद्राच्या फाटकाशी बायका हव्यात. आपल्या नव्या पक्षाची कार्डं वाटायला. लोक तुला मानतात. येशील?"

फादरांना नाही म्हणायची सवय इटाला नव्हती. तिचं लग्न त्यांनी लावलं होतं, तिच्या मरायला टेकलेल्या बाळाला कुशीत घेऊन बाप्तिस्मा त्यांनीच दिला होता. ती हो म्हणाली. रात्रीच्या जेवणाला तिनं हे लिओला सांगितलं आणि तो ओरडण्याची वाट बघत राहिली.

लिओनं बटाटा मोडला. "मोठा कोट घाल," तो म्हणाला. "त्या फाटकाशी वारा फार असतो."

मतदानाच्या सकाळी दोघं एकत्रच घरातून निघाली. त्याच्या खांद्याला लेबरच्या कार्डांची पिशवी, तिच्या हातात नव्या पक्षाच्या कार्डांचा गठ्ठा. कोपऱ्यापासून त्यानं तिचाही गठ्ठा उचलला. फाटकाशी पोचल्यावर तिच्या हातात दिला, आणि तो डाव्या अंगाला उभा राहिला, ती उजव्या.

कॉलिंगवूडनं हे असं कधी बघितलं नव्हतं. येणारा प्रत्येक जण थबकायचा. कोपऱ्यावर मासे तळून विकणाऱ्या मिसेस डूलन म्हणाल्या, "मी दोघांचीही घेते बाई. एकाचं घेतलं तर माझ्यामुळं तुमच्याकडे भांडण व्हायचं."

"भांडण कसलं," लिओ म्हणाला. "बाईसाहेब संध्याकाळी जिंकल्या तर भांडी मी घासणार."

"आणि हरल्या तर?"

"तरी मीच घासणार. हात बघितलेत का त्यांचे, गारठलेत."

लोक हसत आत जायचे. इटाही हसली. वाटलं तितकं वाईट नाही हे. अकराच्या सुमारास गर्दी ओसरली, तेव्हा तिनं हातातलं कार्ड पहिल्यांदाच नीट वाचलं. मतपत्रिकेवर सगळ्या उमेदवारांना क्रमांक द्यायचे असतात, आणि कुणाला कितवा द्यायचा ते कार्डावर छापलेलं असतं. एक नंबरचा माणूस मोजणीत बाद झाला, की ते मत दोन नंबरच्या माणसाला जातं. एक नंबर नव्या पक्षाचा माणूस. ते तिला ठाऊक होतं. दोन नंबर लिबरल. लेबर सगळ्यात शेवटी.

तिनं पुन्हा वाचलं.

अठ्ठावीस साली गोदी कामगारांचा संप झाला तेव्हा इटा चौदा वर्षांची होती. पोलिसांनी गोळ्या झाडल्या होत्या. तिच्या बापाला पुन्हा गोदीवर उभं राहू द्यायला मालकांना सात वर्षं लागली. ती सात वर्षं इटानं बुटांना नाडीची भोकं पाडण्याच्या यंत्रावर काढली. तेव्हा जे मालकांच्या बाजूनं राज्य करत होते, त्यांचे हे लिबरल वारस. बाप मरेपर्यंत म्हणत असे, कुणालाही मत दे पोरी, पण त्यांना नको.

ऑस्टिन सायकलवरून केंद्रं तपासत फिरत होता. तो आला तसं तिनं कार्ड त्याच्यापुढं धरलं.

"हे काय आहे?"

"गणित आहे, इटा. लेबरला पाडायचं तर मतं कुठंतरी गेली पाहिजेत ना."

"त्यांच्याकडे? अप्पाला सात वर्षं उपाशी ठेवलं त्यांच्याकडे?"

"एकदाच. धडा शिकवायला."

"कुणाला धडा? त्याला?" तिनं लिओकडे बोट केलं. लिओ एका आंधळ्या म्हाताऱ्याला हाताला धरून पायऱ्या चढवत होता.

मान वळवून ऑस्टिन सायकलवर बसला.

दुपारी फादर लिनहॅन काळा कोट घालून मत द्यायला आले. इटा त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. आयुष्यात पहिल्यांदा तिनं त्यांना 'गुड आफ्टरनून' म्हटलं नाही.

"फादर, दोन नंबरचं तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"आणि मला सांगितलं नाहीत."

"तू आली नसतीस."

"नसते आले. कम्युनिस्टांच्या विरोधात उभी राहा म्हणालात, राहिले. त्या कार्डिनलसाठी राहिले. पण माझ्या बापाच्या विरोधात उभी राहणार नाही मी. हे घ्या. दोन नंबर तुमचे तुम्हीच वाटा."

आणि तिनं उरलेला गठ्ठा फादरांच्या हातात ठेवला.

फादर गठ्ठा खाली ठेवून निघून जाऊ शकले असते. कुठल्याही पोराला बोलावून त्याच्या हाती देऊ शकले असते. पण ते तिथंच उजव्या अंगाला उभे राहिले, इटाच्या जागेवर, आणि संध्याकाळपर्यंत एकेक कार्ड वाटत राहिले. पाद्र्याच्या हातून कार्ड घेताना काहींनी टोपी काढली. काहींनी हात मागं घेतले. एकानं सरळ तोंडावर सांगितलं, "फादर, तुमचं काम वेदीवर. इथं आम्ही आमचं बघतो." फादरांनी मान हलवली आणि पुढच्या माणसाला कार्ड दिलं.

इटा मत देऊन घरी गेली. चारच्या सुमारास ती थर्मास घेऊन परत आली तेव्हा वारा बोचरा झाला होता. लिओनं थर्मासच्या झाकणात चहा ओतला, तिच्याकडे एकदा पाहिलं, आणि फाटक ओलांडून पलीकडे गेला.

"दोनच चमचे साखर ना, फादर?"

"तीन," फादर म्हणाले. "लेंटचे उपास संपले."

दोघं एकाच झाकणातून आळीपाळीनं चहा प्याले. मग लिओ आपल्या बाजूला परत आला.

कॉलिंगवूडनं लेबरचाच माणूस निवडला. राज्य मात्र लिबरलांकडे गेलं, आणि तिथं सत्तावीस वर्षं राहिलं. देशाच्या निवडणुकांतही पुढं वर्षानुवर्षं तेच गणित चाललं. फादरांची वर्षभरात दूर गिप्सलँडमधल्या एका खाणगावी बदली झाली. जाण्याआधी ते निरोप घ्यायला आले, पण त्या दिवशी लिओची दुपारची पाळी होती. तिकडून नाताळला कार्ड यायचं, सही फक्त 'लिनहॅन' एवढीच. थाळी लिओला पुन्हा मिळाली नाही. तो दर रविवारी चर्चला जायचा, शेवटच्या बाकामागं उभा राहायचा, आणि शेवटच्या सूचना सुरू झाल्या की बाहेर येऊन पाइप पेटवायचा. ऑस्टिन आणि तो एकमेकांशी पुन्हा बोलले नाहीत. नामकरणं झाली, लग्नं झाली, दोघांच्या खुर्च्या लांब ठेवाव्या लागायच्या. रविवारी टेबलाशी दोनच ताटं मांडताना इटा अजूनही कोकराचा तेवढाच मोठा तुकडा आणायची, कसायाला 'लहान दे' असं तिच्यानं म्हणवत नसे.

लिओनं तिला कधीच विचारलं नाही की त्या दिवशी तू मत कुणाला दिलंस. शहात्तर साली, तो शेवटच्या दुखण्यात असताना, तिनंच सांगितलं.

"एक नंबर फादरांच्या माणसाला दिला. शब्द दिला होता."

"हं."

"दोन नंबर तुझ्या माणसाला. आणि लिबरलला सगळ्यात शेवटी."

लिओ हसायला लागला. हसता हसता खोकला आला, नर्स धावत आली. "अगं, म्हणजे एवीतेवी मत माझ्याच पदरात!" तो म्हणाला. "एकवीस वर्षं मी उगीच भांडी घासली."

त्याच्या अंत्यविधीला ऑस्टिन आला आणि चर्चच्या दाराशी उभा राहिला, लिओ उभा राहायचा तिथंच. इटा उठली, मधल्या वाटेनं मागं गेली, आणि भावाचा दंड धरून त्याला पुढच्या बाकावर घेऊन आली. तो तिच्याशेजारी बसून सबंध वेळ रडला. काय म्हणून रडतोयस, असं तिनं विचारलं नाही.

ब्याऐंशीच्या एप्रिलमध्ये लेबर राज्यात परत आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मासहून आल्यावर फोन वाजला. ऑस्टिनच होता.

"इटा, ऐकलंस का? तुमचे जिंकले."

"आमचे काय रे? तूही त्यातलाच होतास ना."

मग तो म्हणाला, "रविवार आहे आज. जेवायला काय केलंयस?"

"अजून काही नाही. ये. येताना पुदिना घेऊन ये."