पेठेतलं गाऱ्हाणं

"डोकी सांभाळा," म्हणत मथुरानं बोळाच्या तोंडाशी लोंबलेली माडाची झावळ दोन्ही हातांनी वर धरली. पाहुणे एकेक करून खालून गेले. आधी टोप्या घातलेले पुरुष, मग चालता चालताच फोटो काढणाऱ्या बाया, शेवटी आठ वर्षांची अवनी. तिला वाकायची गरजच नव्हती, तरी ती चांगली कमरेत वाकून गेली. तेवढ्यात मथुराच्या पिशवीत फोन थरथरला. तिनं शेवटचा माणूस पार होईपर्यंत झावळ सोडली नाही, आणि सोडली तीही घाईनं नाही.

फोन मिहीरचा होता, तिच्या धाकट्या दिराचा. तो तीन आठवडे गोव्यातल्या हॉस्पिटलात बसून होता.

"वैनी, डाक्टर इल्ले. एक वाजेपर्यंत काय ता सांगा म्हणतत. कागद तयार आसत."

"एक वाजेपर्यंत."

"गाडीवालो पण इचारता. तू फोनार सांगलंस तर माझ्या सहीन भागात."

"लोकां आसत रे वांगडा. करतंय मी फोन."

तिनं फोन पिशवीत टाकला आणि सोबतच्या लोकांच्या पुढं झाली. सव्वादहा झाले होते.

एकवीस दिवसांपूर्वी तिचा नवरा धनेश ह्याच बोळातून असाच लोकांना घेऊन निघाला होता. जुन्या पेठेची दीड तासाची पायी फेरी हा त्याचाच उद्योग. लोक मालवणात येतात, किल्ला बघतात, मासे खातात आणि जातात, पेठ कोणी बघत नाही, ह्याचा त्याला मनापासून राग होता. त्या दिवशी पेठेच्या टोकाला पोचल्यावर "डोकां ठणकता माझां" म्हणून तो सांतानबाबच्या बेकरीच्या पायरीवर बसला, तो परत उठला नाही. मेंदूत रक्तस्राव. आता छाती वरखाली होत होती ती मशीनच्या जोरावर. डॉक्टरांनी लपवाछपवी केली नव्हती. हा माणूस परत येणार नाही. ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सही करून घरी न्या. वाटेत एक जण हातानं श्वासाची पिशवी दाबत राहील, आणि घरी पोचल्यावर ती थांबवायची.

मूलबाळ नव्हतं. सासूसासरे कधीच गेले होते. होय की नाही, हे एकट्या मथुराला म्हणायचं होतं आणि गेले तीन दिवस तिच्या तोंडून दोन्हीपैकी काही बाहेर पडत नव्हतं.

मग ही बाई इथं पाहुणे फिरवत काय करतेय, हा प्रश्न निम्म्या पेठेनं एकमेकांना विचारून झाला होता. नाशिकच्या ह्या मंडळींनी दोन महिन्यांपूर्वी नावं नोंदवली होती, आणि धनेशनं एकदा कबूल केलेली फेरी कधी मोडली नव्हती. हे ती लोकांना सांगायची. खरं कारण वेगळं होतं. काचेपलीकडून त्याच्या छातीकडे बघत बसणं तिला आता झेपत नव्हतं. आधीच्या तीन फेऱ्यांच्या वेळी आली होती तशीच काल संध्याकाळच्या गाडीनंही ती तिथून निघून आली होती. पळून आली म्हटलं तरी चालेल.

"हे घर कापडाच्या व्यापाऱ्याचं," तिनं कठड्याच्या माडीकडे बोट दाखवलं. "चिरे इथले, लाकूड मात्र गलबतानं आलेलं."

धनेश इथं एक बुडालेलं गलबत आणि एक रुसलेली सून घालायचा. दोन्ही खोटं, पण माणसं माना वर करून अशी ऐकायची की मागून येणारा रिक्षावाला हॉर्न वाजवून थकायचा. मथुराला ते जमत नव्हतं. ती चिरे आणि लाकूड सांगून गप्प झाली. सगळ्यांना गोळा करून आणणाऱ्या शुभदाताईंचा चेहरा जरा पडला.

"फेरीच्या व्हिडिओतले ते दादा नाहीत का आज?" त्यांनी विचारलं.

"बरं नाही त्यांना."

"अरेरे. होतील हो लवकर बरे."

"हो," मथुरा म्हणाली.

पेठ देवळापाशी संपते. देवळासमोर रस्त्याला लागून पिंपळाचा पार, आणि पाराच्या बरोब्बर समोर सांतानबाबची बेकरी. मथुरानं पाहुण्यांना देवळाची दीपमाळ दाखवली, कौलं दाखवली, आणि आता जेटीकडे वळायचं असं सांगणार, एवढ्यात अवनीनं तिचा पदर ओढला.

"व्हिडिओतलं ते होय महाराजा कुठंय?"

"अगं हो," शुभदाताई म्हणाल्या. "ते गाऱ्हाणं राहिलंच की! कोल्हापूरपासून घाट उतरेपर्यंत गाडीत तेच चाललंय हिचं. आम्ही खरं तर त्याच्यासाठीच आलो."

गाऱ्हाणं म्हणजे देवापुढं मोठ्यानं मांडलेलं मागणं. एकानं मांडायचं आणि जमलेल्यांनी प्रत्येक मागण्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. होय मिळालं की ते मागणं सगळ्यांचं होतं. नाही मिळालं तर मांडणाऱ्यापाशीच राहतं. देवळात ते घालण्याचा मान गावच्या मानकऱ्यांचा. धनेश कसला मानकरी? म्हणून तो देवळाबाहेर, पारावर चढून पाहुण्यांसाठी गमतीचं गाऱ्हाणं घालायचा. सुरुवातीला मथुरा त्याच्यावर चिडली होती, देवाची कसली मस्करी करतोस म्हणून. "देवाक हसलेलां चलता गो," तो म्हणाला होता, "फसवलेलां चलना नाय." आणि पलीकडून हाताला पीठ लागलेला सांतानबाब रोज न चुकता त्याला होय द्यायचा. चर्चमध्ये कोणीतरी ह्यावरून टोकलं तेव्हा सांतानबाबनं उलट विचारलं, "होय म्हणूक खंयचो धर्म लागता?"

"बायका घालत नाहीत," मथुरा म्हणाली. गेल्या तीन फेऱ्या तिनं ह्याच एका वाक्यावर निभावून नेल्या होत्या.

"आमच्यासाठी घाला ना," एक टोपीवाले गृहस्थ म्हणाले. "गंमत म्हणून. पोरगी हिरमुसेल."

पोरगी हिरमुसायला लागलीच होती. मथुरानं चपला काढल्या आणि ती पारावर चढली. का चढली, हे तिला नंतरही कधी नीट सांगता आलं नसतं. तिनं हात जोडले.

"बा देवा म्हाराजा!"

आवाज तिच्याच कानाला परका लागला. समोरून, बेकरीच्या दारातून, नेहमीसारखा होकार आला.

"व्हय म्हाराजा!"

"आज ही तुझी लेकरां घाट उतरान तुझ्या दारात इली आसत!"

"होय महाराजा!" अवनी सगळ्यांच्या आधी ओरडली.

"तेंका ताजां पापलेट गावांदे, आणि भाव ऐकान घेरी येवंक नको!"

"होय महाराजा!" ह्या वेळी सगळे हसत हसत.

"तेंच्या मोबाईलाक रेंज येवंदे, पण ऑफिसचो फोन तेवडो येवंक नको!"

"होय महाराजा!" टोपीवाल्यांनी तर दोन्ही हात वर केले.

धनेशचं गाऱ्हाणं इथं संपायचं. तो पारावरून उडी मारायचा आणि लोक टाळ्या वाजवायचे. मथुरानं खाली उतरायला पाय पुढं केला, पण जोडलेले हात सुटेनात. तिनं डोळे मिटले.

"आणि म्हाराजा," ती म्हणाली, "तुझां एक लेकरू आज एकवीस दिवस अडकान पडलांहा. ना हयसर, ना थंयसर. तेका उठवूचां तुझ्या हातात आसात, तर उठव."

"होय महाराजा!"

सांतानबाबचा होकार मागाहून आला, पण सगळ्यांत मोठा आला. रस्त्यानं जाणारा सायकलवाला वळून बघायला लागला.

"आणि नसात," मथुरा म्हणाली, "तर तेका सोडव. घराकडे घेवन ये आणि मोकळां कर."

पाहुण्यांना त्यात वेगळं काही वाटलं नाही. जुन्या गाऱ्हाण्यातलाच भाग असेल, कोणा दर्यात गेलेल्याचा. आवाजही तसाच, एका लयीत चाललेला. ते सवयीनं बेकरीकडे बघत राहिले, कारण आतापर्यंत सूर तिकडूनच मिळत होता.

मथुरानं डोळे उघडले. सांतानबाब दारात उभा होता, हातात पावांचा रिकामा पत्रा. त्याचं तोंड उघडलं. आवाज आला नाही. तो तोंड तसंच उघडं ठेवून तिच्याकडे बघत राहिला आणि मग त्यानं मान फिरवली.

तिला वाटलं, ह्यानं आता नाय म्हणावं. स्वच्छ, सगळ्यांना ऐकू जाईल असं नाय. कोणीतरी एकानं तरी. ती त्याच पावली गोव्याची गाडी धरणार होती, काचेसमोर बसणार होती, आणखी एकवीस दिवस, आणखी कितीही. धनेशची बोटं अजून कोमट होती. काल निघताना तिनं ती धरून पाहिली होती. पारावर उभ्या उभ्या ती त्या एका शब्दाची वाट बघत राहिली, आणि आयुष्यात तिनं कशाचीच अशी वाट बघितली नव्हती.

अवनीनं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. वाक्य तर संपलं होतं आणि कोणीच काही म्हणत नव्हतं. तिनं छाती भरून श्वास घेतला.

"होय महाराजा!"

आणि तिच्यामागून सगळे, आपण चुकलोच की अशा घाईनं, दुप्पट जोरात ओरडले, "होय महाराजा!"

टाळ्या झाल्या. पिंपळावरचे दोन कावळे उडाले. मथुरा पारावरून उतरली आणि चपला शोधू लागली. चपला पुढ्यातच होत्या, तरी सापडायला वेळ लागला.

"काय सुंदर आवाज लागला हो तुमचा!" शुभदाताई मोबाईल हातात धरून जवळ आल्या. "फक्त माझं रेकॉर्डिंग सुरूच झालं नव्हतं बघा. एकदा परत घालाल? शेवटचं तेवढं?"

"गाऱ्हाणं एकदाच घालतात," मथुरा म्हणाली. "तुम्ही जेटीकडे व्हा पुढं. रस्ता सरळ आहे. मी आलेच."

पाहुणे निघाले. सांतानबाब रस्ता ओलांडून आला. पत्रा अजून हातातच होता. तो कुठं ठेवावा हे त्याला कळत नव्हतं.

"माझ्या तोंडातसून भायर पडाक नाय गो," तो म्हणाला.

"तुमका कसां म्हणूक येतलां, सांतानबाब," ती म्हणाली. "तुम्ही तेका वळाखतास."

तिनं पिशवीतून फोन काढला. मिहीरनं पहिल्याच रिंगला उचलला.

"घेवन ये तेका," ती म्हणाली.

पलीकडे कुठलंतरी यंत्र टूं टूं करत होतं. कोणीतरी कोणाला तरी बाजूला व्हायला सांगत होतं. मिहीरचा आवाज लहान पोरासारखा झाला होता.

"वैनी, एकटीनच ठरवलंस?"

मथुरानं रस्त्याकडे बघितलं. मंडळी समुद्राकडे चालली होती. मध्येच कोणीतरी थांबून शहाळ्याचा भाव विचारत होतं. अवनी सगळ्यांच्या पुढं, उड्या मारत.

"नाय," ती म्हणाली. "दहा-बारा माणसां होती वांगडा."